समोरच्या बाजूचा गंज

१

मनातल्या मनात वाचणं मला जमत नाही. हसू नका. उभा जन्म मी डोंगरातल्या एकेरी मार्गावर डिझेलची छोटी गाडी चालवली, आणि आमच्या धंद्यात डोळ्यांना दिसलेलं तोंडानं म्हणावं लागतं. सिग्नल दिसला की हात लांब करायचा, बोट रोखायचं आणि खणखणीत आवाजात म्हणायचं, "निघायचा सिग्नल, हिरवा!" मागच्या डब्यातून गार्ड तेच परत म्हणणार, "हिरवा!" त्याला तिथून सिग्नल दिसतोय की नाही, हा प्रश्नच नाही. एकानं म्हटलं की दुसऱ्यानं म्हणायचं. ते उत्तर आल्याशिवाय मी कधी गाडी हलवली नाही.

निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. घराबाहेर पडताना मी शेगडीकडे बोट दाखवून ओरडायचो, "गॅस, बंद!" मग खिडकीकडे, "खिडकी, बंद!" आतल्या खोलीतून मित्सुए, माझी बायको, म्हणायची, "गॅस बंद, खिडकी बंद. तुमचं तोंड तेवढं उघडं राहिलं." रोज हाच विनोद. आणि मी मूर्खासारखा रोज हसायचो.

ती जाऊन दुसरा हिवाळा आलाय. मी अजूनही "गॅस, बंद!" म्हणतो आणि दारात थोडा वेळ उभा राहतो. उत्तराशिवाय निघायचं नाही, हे हाडामाशात मुरलंय, त्याला मी काय करू? मग स्वतःवरच चिडतो आणि बूट चढवतो.

२

तलवारींच्या नादाला मी लागलो तो माणसांत बसायला मिळावं म्हणून. आमच्या त्सुयामा गावात ओगिनो सेन्सेईंच्या, म्हणजे ओगिनो गुरुजींच्या, घरी महिन्यातून एकदा जुन्या तलवारी बघणाऱ्यांची बैठक भरते. सेन्सेई दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद केलाय, पण वरच्या खोलीत खुर्ची, दिवा, हात धुवायचं भांडं सगळं अजून तसंच आहे. गावातलं एकही तोंड त्यांच्या हाताखालून गेल्यावाचून राहिलेलं नाही. खोलीत कायम लवंगेच्या तेलाचा वास. पूर्वी ते दातांसाठी होतं, आता तलवारींना लावतात.

पहिल्या दिवशी मी दारात दिसलो तसे म्हणाले, "इनागाकी-सान, दात दाखवायला आलात की तलवार बघायला?"

"तलवार, सेन्सेई."

"बरं झालं. दातांत आता बघण्यासारखं काही उरलं नाही तुमच्या."

त्यांनी एका तलवारीच्या मुठीतली बांबूची खुंटी काढली, मूठ धरलेल्या हाताच्या मनगटावर दुसऱ्या हातानं हलकेच ठोकलं, आणि पातं मुठीतून सुटून वर आलं. पात्याचा जो भाग मुठीत लपलेला असतो त्याला आम्ही शेपूट म्हणतो. वरचं पोलाद आरशासारखं आणि शेपूट मात्र काळ्या-तपकिरी गंजानं भरलेलं. त्या गंजातच लोहारानं छिन्नीनं आपलं नाव कोरलेलं असतं.

"हा गंज पुसायचा नाही," सेन्सेई म्हणाले. "हे तिचं वय आहे. नवशिके येतात आणि चकचकीत करून टाकतात. मग रडत बसतात. शेपटीवरचा गंज जपायचा आणि पात्यावर एक ठिपकासुद्धा पडू द्यायचा नाही. एवढं कळलं की निम्मं शिकलात."

तलवार माझ्यासमोर आली. खाली मान घालून नमस्कार केला, फडक्यात शेपूट धरून पातं उभं केलं, आणि एक ओळखीचं अक्षर दिसलं. माझा हात आपोआप लांब झाला. "रहिवासी!" मी ओरडलो. "अमुक प्रांताचा रहिवासी!"

खोलीतली सगळी माणसं दचकली. सेन्सेईंनी पातं माझ्या हातातून काढून घेतलं आणि मऊ कागदानं पुसायला लागले, तान्ह्या मुलाचं तोंड पुसावं तसं. काजीतानी-सान म्हणून एक बाई आहेत, स्टेशनजवळ त्यांचं उदोनचं, म्हणजे आतडी घातलेल्या जाड शेवयांचं, दुकान. त्या म्हणाल्या, "ड्रायव्हर साहेब, माझं स्टेशन आलं की सांगा हं, मला उतरायचंय."

सगळे हसले. मीही हसलो. पण सेन्सेई हसले नाहीत.

"उघड्या पोलादावर बोलायचं नाही," ते म्हणाले. "तोंडातून उडालेला एक थेंब पुरतो. पुसलात तरी आठवड्यानं तिथं गंज डोळे उघडतो." त्यांनी पांढऱ्या कागदाची घडी माझ्या हातात दिली. "हा दातांत धरा. ओठांत नाही, दातांत. ओठांत धरला की माणूस बाजूनं पुटपुटतो. मी आयुष्यभर माणसांची तोंडंच बघितली आहेत."

तेव्हापासून मी बैठकीला गेलो की कागद चावून बसतो. माणसांत बसायला गेलो आणि गप्प बसायला शिकलो. नशीब म्हणतात ते हेच.

३

माझी स्वतःची तलवार आखूड आहे, हातभराहून थोडी मोठी. सेन्सेईंनीच मला मिळवून दिली. "जुनी आहे, थकलेली आहे, पण खरी आहे," म्हणाले. "आणि सही वाचता येईल अशी आहे. शिकायला हिच्यासारखी नाही."

घराच्या उत्तरेला एक रिकामी खोली आहे. मित्सुए तिथं शिवणकाम करायची, कारण उत्तरेचा उजेड डोळ्यांना त्रास देत नाही. मी तिथं एक ठेंगणं मेज आणि एक बसकर ठेवलं. हिवाळ्यात आमचं हे खोरं सकाळभर धुक्यात बुडालेलं असतं, आणि तो उजेड अगदी सौम्य असतो. रविवारी सकाळी न्याहारी झाली की मी तिथं जाऊन बसायचो. शेगडी लावत नव्हतो. गरम हवेनं पोलादावर दव धरतं.

सही वाचायची म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. कागदावरच्या शाईसारखं ते नसतं. शेपूट हळूहळू तिरपं करायचं आणि उजेड बाजूनं येऊ द्यायचा. मग छिन्नीचा एखादा फटका उठून दिसतो, दुसरा बुडतो. प्रांताचं नाव मी लवकर वाचलं. रहिवासी हे तर माझं पाठच होतं. लोहाराच्या नावाचं पहिलं अक्षरही सेन्सेईंच्या पुस्तकाशी ताडून लागलं. शेवटचं अक्षर मात्र गंजानं खाल्लेलं. रविवारमागून रविवार मी त्याच्याशी झुंजत होतो. त्यात किती सुख होतं सांगू? कोणीतरी आपल्यासाठी काहीतरी लिहून ठेवलंय आणि आपल्याला ते अजून वाचून संपलेलं नाही.

आणि एका सकाळी ते दिसलं. एक आडवा फटका होता, त्याखाली दोन तिरपे. मग अख्खं अक्षर वर आलं आणि मला भान राहिलं नाही. दातांतला कागद थुंकला, बोट रोखलं, आणि पूर्ण सही पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं म्हटली. प्रांत, रहिवासी, नाव. सगळं.

म्हटलं आणि थांबलो. सवयच ती. उत्तर यायला हवं होतं.

घरात काही हललं नाही. स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर तेवढी चालू होती, तीही तेवढ्यात थांबली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हाताऱ्या, कोणाला सांगतोयस, असं स्वतःलाच म्हणालो. पातं नीट पुसलं, तेल लावलं आणि म्यानात घातलं.

४

पुढच्या रविवारी तलवारीवर गंजाचे ठिपके होते.

तिळाएवढे, लालसर, शेपटीच्या जरा वर, विखुरलेले. आरडाओरडा केला त्याचं फळ, म्हटलं. पण नंतर माझ्या लक्षात आलं आणि मी पातं तसंच हातात धरून बसून राहिलो.

ठिपके पलीकडच्या बाजूला होते.

नीट सांगतो. सही शेपटीच्या एकाच बाजूला आहे. दुसरी बाजू कोरी. मी सही वाचतो तेव्हा सहीची बाजू माझ्याकडे असते, पातं उभं असतं, आणि कोरी बाजू पलीकडे, भिंतीकडे. मी ओरडलो असेन तर माझी थुंकी माझ्याकडच्या बाजूला उडणार. ती बाजू स्वच्छ होती. ठिपके होते ते पलीकडे, मेजाच्या दुसऱ्या अंगाला कोणी गुडघे मोडून बसलं असतं आणि मान जरा पुढे काढून बोललं असतं तर थुंकीचे थेंब जिथं उडाले असते, तिथं.

मी रेल्वेतला माणूस आहे. काही बिघडलं की आधी साधं कारण शोधायचं हे आम्हाला शिकवलेलं असतं. धुकं असेल. एका बाजूला तेल कमी लागलं असेल. म्यानाच्या लाकडाला ओल असेल. म्यानात काडीला कापूस गुंडाळून फिरवला. कोरडा ठणठणीत निघाला.

सेन्सेईंकडे गेलो. त्यांनी भिंग लावलं. "कोण बसलं होतं समोर?"

"कोणी नाही. माझ्या घरी कोण येतं?"

"मग पातं फिरवून बोलला असाल."

"नाही हो, सेन्सेई."

"सगळे असंच म्हणतात. गोड खात नाही म्हणणाऱ्यांचे दातही मी बघितलेत." ते नखाएवढ्या दगडाच्या कपचीनं, बोटाच्या टोकानं, कितीतरी वेळ त्या ठिपक्यांवर घासत राहिले. ठिपके गेले. पण पातं माझ्या हातात देताना त्यांनी ते क्षणभर सोडलं नाही. "हे बघा, ही फार वेळा घासली गेलेली आहे. वरची कातडी पातळ झालीय. आणखी एकदा खोल गंज चढला आणि दगडावर घ्यावी लागली, तर आतलं कच्चं लोखंड दिसायला लागेल. मग संपली ती. पुन्हा डाग दिसला तर माझ्याकडे आणून द्यायची. मी सांभाळीन. राग मानू नका, पण आपण कोणीच हिचे मालक नसतो. पुढच्या माणसापर्यंत पोचवायची, एवढंच."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

५

त्यानंतर मी दातांतला कागद सोडला नाही. इतका घट्ट चावायचो की जबडा दुखायचा.

त्या सकाळी थंडी कडक होती. खिडकीबाहेर धुक्यात शेजाऱ्यांचं पर्सिमनचं झाडही दिसत नव्हतं. मी पातं उभं धरून सही परत परत वाचत होतो, अर्थात मनात. जरा तिरपं केलं आणि पलीकडच्या बाजूची कड दिसली. तिथं पोलाद धुरकट झालं होतं. बघता बघता तो धुरकटपणा कडांपासून आत आटत गेला आणि नाहीसा झाला.

आरशावर श्वास सोडला की जे होतं ते.

माझाच श्वास असणार, मी म्हणालो. कागदाच्या बाजूनं निसटून वळसा घालून गेला असणार. मी श्वास रोखला. छाती दुखेपर्यंत रोखला. पलीकडच्या बाजूला पुन्हा वाफ उठली. आधी एक मोठी, मग लगेच एक लहान. मग काही नाही. मग पुन्हा एक मोठी, एक लहान.

दोन शब्द म्हणताना माणसाच्या तोंडातून वाफ निघते तशी.

मला भीती वाटायला हवी होती. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतका की पातं खाली ठेवावं लागलं. ही खोली तिची. खोलीच्या त्याच बाजूला ती शिवणाचं मशीन ठेवून बसायची. मी ओरडून सही वाचली आणि उत्तराची वाट पाहिली, आणि उत्तर आलं होतं. मला ऐकू आलं नव्हतं, एवढंच. माझ्या कानांचा काय भरवसा? इंजिनानं ते कधीच खाल्लेत.

त्या आठवड्यात मी रविवारची वाट बघितली नाही. रोज सकाळी बसायला लागलो. चहा करायचो तो दोघांचा. कागद दातांत धरून मनातल्या मनात तिच्याशी बोलायचो, आणि ते मला चक्क जमायला लागलं होतं.

चिहारू, माझी मुलगी, दूर सैतामाला असते. तिचा फोन आला. "बाबा, आवाज किती छान येतोय आज! बरंय ना सगळं?"

"मस्त."

"मग ठरवा ना आता. खोली रिकामी करून ठेवलीय तुमच्यासाठी. मुलंही विचारतात. एकटे कशाला राहताय तिकडे?"

"मी एकटा नाहीये," मी बोलून गेलो.

"कोण आहे बाबा?" तिनं विचारलं, आणि तिचा आवाज लहानपणी अंधाराला घाबरायची तेव्हासारखा झाला होता. मी काहीतरी थातूरमातूर बोलून फोन ठेवला.

६

पण गंज थांबत नव्हता. एका सकाळी पलीकडे पुन्हा दोन-तीन ठिपके दिसले, आणि मला सेन्सेईंचं बोलणं आठवलं. तलवार गेली तर मी त्या खोलीत कशाच्या आधारानं बसणार? भिंतीकडे बघत?

मी मेजाच्या पलीकडे दुसरं बसकर ठेवलं, त्यापुढे पांढऱ्या कागदाची स्वच्छ घडी ठेवली, आणि मोठ्यानं म्हणालो, "मित्सुए, उघड्या पोलादावर बोलायचं नसतं गं. हा दातांत धर. ओठांत नाही, दातांत." सांगताना मला हसूच आलं. बैठकीत मी नवशिका आणि घरात गुरुजी.

मग माझा कागद चावला आणि पातं उभं केलं.

काही वेळानं कागद चुरगळल्याचा अगदी बारीक आवाज आला. पात्याच्या आडून डोकावून बघता आलं असतं. नाही बघितलं. पातं हातात असताना नजर पोलादावरून हलवायची नाही, असा आमचा नियम आहे. मी नियमाच्या आड लपलो, खरं सांगायचं तर. पलीकडच्या बाजूला त्या दिवशी वाफ उठली नाही. पोलाद शेवटपर्यंत लख्ख राहिलं.

पातं म्यानात घालून मगच मी वर बघितलं. बसकर रिकामं होतं. ते दबलेलंही नव्हतं. पण कागद मी ठेवला होता तिथं नव्हता. मेजाच्या कडेशी, माझ्या बाजूला सरकवून ठेवल्यासारखा पडला होता. ओला होता. आणि त्यावर दातांच्या खुणा होत्या.

मी तो कपाळाला लावला आणि लहान पोरासारखा रडलो.

७

मग मला राहवेना. कोणीतरी म्हणायला हवं होतं, हो, इनागाकी-सान, तीच आहे. आणि तसं म्हणू शकणारा माणूस जगात एकच होता. मित्सुएचे दात लग्न होऊन ती इथं आली तेव्हापासून ओगिनो सेन्सेईंनीच बघितले होते. कागद सुकू नये म्हणून मी तो डब्यात घालून शनिवारी दुपारी त्यांच्याकडे नेला.

"सेन्सेई, हे दात कोणाचे ते सांगा."

"वा! आता सहीची परीक्षा माझी होय?" ते खुशीत आले. जुन्या खुर्चीवरचा दिवा लावला, कागद पसरला आणि भिंग डोळ्याला लावलं. "बघू या. वरचे दात, खालचे दात. चांगला चावलाय. तुम्ही नाही चावलेला, तुमचं कुंपण कधीच मोडलंय. कोण आहे, नवीन सभासद?"

"तुमच्या ओळखीचे दात आहेत," मी म्हणालो. "मित्सुएचे आहेत का बघा."

त्यांनी भिंग खाली घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना काय वाटलं असेल ते मला कळत होतं. तरी ते भले माणूस. त्यांनी पुन्हा भिंग लावलं. या वेळी बराच वेळ.

"मित्सुए-सानचा वरचा पुढचा दात मी बसवला होता," ते हळू आवाजात म्हणाले. "जरा आखूड झाला. दर वेळी मला चिडवायची त्यावरून. कागद चावला असता तर तिथं फट राहिली असती."

"नाहीये फट?"

"नाहीये." त्यांनी कागद फिरवला. दिवा जवळ ओढला. मग ओठ हलवत काहीतरी मोजायला लागले, आणि मधेच थांबले. परत पहिल्यापासून मोजायला लागले आणि परत थांबले. "इनागाकी-सान, हा एकदाच चावलाय ना? दोनदा नाही?"

"एकदाच."

"आणि एकाच माणसानं?"

त्यांनी कागद चिमट्यानं उचलून ट्रेमध्ये ठेवला, उठले, आणि कोपऱ्यातल्या भांड्यापाशी जाऊन हात धुवायला लागले. कोपरापर्यंत धुतले. साबण लावून पुन्हा धुतले. पाठ माझ्याकडे ठेवूनच म्हणाले, "तलवार मला द्या. नको, तुम्ही आणू नका. उद्या सकाळी मीच येतो न्यायला. तोवर मुठीतून काढू नका."

"कोणाचे आहेत, सेन्सेई?"

"तिचे नाहीत," ते म्हणाले. "मला एवढंच सांगता येतं. आज रात्री काजीतानींकडे जेवा, त्यांच्याकडेच झोपा. मी फोन करतो त्यांना."

मी काजीतानी-सानच्या दुकानात गेलो. त्यांनी वाडगाभर उदोन पुढ्यात ठेवला, वर आतडी जास्त घातली, आणि नेहमीसारखी थट्टा केली नाही. मी खाल्लं, आभार मानले, आणि घरी गेलो.

८

रविवारी सकाळी मी न्याहारी केली नाही. उत्तरेच्या खोलीत जाऊन बसलो. तलवार मेजावर होती. सेन्सेई यायला अवकाश होता, आणि मी नुसतं बसून राहिलो असतो तरी चाललं असतं. तसं ठरवूनच बसलो होतो.

जे समोर होतं ती मित्सुए नव्हती. हे एव्हाना मला समजलं होतं, आणि समजल्यावर घर पहिल्यापेक्षा रिकामं झालं होतं. ती गेली त्या दिवशीसुद्धा एवढं रिकामं नव्हतं. तेव्हा निदान माणसं होती, उदबत्त्या होत्या, चिहारू होती. आता थोड्या वेळानं सेन्सेई येतील, तलवार कापडात गुंडाळून घेऊन जातील, आणि मग या घरात माझ्याशिवाय कोणी नसेल. जे काही होतं ते, चांगलं असो वाईट असो, तेही नसेल.

मी खुंटी काढली. मनगटावर ठोकलं. कागद दातांत धरला आणि पातं उभं केलं. समोर या वेळी कागद ठेवला नव्हता.

वाफ लगेच आली. पण शेपटीजवळ नाही. वर, पात्याच्या टोकाशी, माझ्या कपाळाच्याही वर. मित्सुए उभी राहिली तरी माझ्या खांद्याला लागायची. वाफ टोकाशी उठली, रुंद पसरली, आटली. मग एक लहान. मग थांबली. थोड्या वेळानं पुन्हा तेच, तेवढंच, त्याच लयीत. मला ती लय ओळखू आली. पुकारायचं आणि उत्तरासाठी थांबायचं, ती आमच्या धंद्यातली. इतके दिवस मला वाटत होतं की मी म्हणतोय आणि समोरून उत्तर येतंय. उलटं होतं. समोरून हाक येत होती, आणि उत्तराची पाळी माझी होती. उत्तर मिळेपर्यंत ते तसंच म्हणत राहणार होतं. मीसुद्धा तेच केलं असतं.

बाहेर फाटक वाजलं. मग दारावर थाप. दाराला आतून कडी होती.

"इनागाकी-सान!" सेन्सेई. "मी आलोय. काजीतानी-सानही आहेत. आहात ना आत?"

टोकाशी वाफ उठली. मोठी, मग लहान. मग ती थांबून राहिली.

"इनागाकी-सान, उत्तर द्या हो!"

"ड्रायव्हर साहेब!" काजीतानी-सानचा आवाज रडवेला झाला होता. "अहो, बोला काहीतरी!"

मला दोघांचंही ऐकू येत होतं. बाहेर माझी माणसं उभी होती, चांगली माणसं, थंडीत धुक्यातून माझ्यासाठी चालत आलेली. दार उघडलं असतं तर त्यांनी मला उदोन खाऊ घातला असता, चिहारूला फोन लावला असता, आणि संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी मला घरी सोडून आपापल्या घरी गेले असते.

मी कागद दातांतून काढला.

"आहे," मी मोठ्यानं म्हणालो. "मी इथंच आहे."

दारावरची थाप थांबली. सेन्सेईंना वाटलं असणार, मी त्यांनाच म्हणालो. "बरं, बरं, सावकाश या," असं ते म्हणाले, आणि दोघं दाराबाहेर वाट बघत उभे राहिले. किती वेळ राहिले असतील, मला सांगता येणार नाही. मी काही दार उघडायला उठलो नाही.